बारा गाई

“गाई किती म्हणालात?” पांचाळ मास्तरांनी विचारलं.

“मोठ्या बारा,” मी म्हणालो. “बारक्या धरल्या तर चाळीसच्या वर जातील.”

मास्तरांनी समाधानानं मान हलवली आणि आतल्या दाराकडं पाहिलं. दाराआड मास्तरीणबाई उभ्या होत्या. त्यांच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे त्यांचंही समाधान झालं असावं. माझ्या हातात पोह्यांची बशी, अंगात उसना टेरीकॉटचा शर्ट, आणि शेजारी पदर सावरून बसलेली गोदूआत्या. समोर सतरंजीच्या टोकाला कुमुद खाली मान घालून बसली होती. तिलाच बघायला आम्ही मास्तरांच्या मिरजेतल्या घरी आलो होतो. पोह्यांची बशी देताना तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं होतं, आणि त्या एका पाहण्यात माझं काम तमाम झालं होतं. सव्वीस वर्षांचा झालो होतो, पण कुणी आपल्याला हो म्हणावं म्हणून इतका घाबरा मी कधीच झालो नव्हतो.

“निगा राखायची म्हणजे कष्टाचं काम,” मास्तर म्हणाले.

मी म्हटलं, कष्ट तर आहेतच. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकीवर हात फिरवावा लागतो, कुठं काही लागलं-बिगलं असेल तर लगेच कळतं. पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्यांना तेल चोळायचं.

“तेल?”

“मोटारीचं. जळकं ऑइल म्हणतात ते.”

मास्तरांचा कप ओठाजवळ थांबला. “गाईला मोटारीचं तेल चोळता?”

“नाही चोळलं तर गंजतात,” मी म्हणालो.

मास्तरांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आपण काहीतरी चुकीच्या जागी हात घातला. पण नेमका कुठं, ते मात्र कळेना.

आता तुम्हाला आधी माझा धंदा सांगतो. मी वामन सुतार, ग्रेट चांदणी सर्कशीत तंबू उभारणाऱ्या टोळीचा मुकादम. आमचा तंबू चार मोठ्या खांबांवर उभा राहायचा. एकेक खांब ताडासारखा उंच. तो नुसता पुरून राहत नाही. त्याच्या शेंड्यापासून तीन बाजूंना तारेचे जाड दोर तिरके खाली आणून जमिनीतल्या खुंट्यांना ताणून बांधावे लागतात. त्या तिरक्या दोराला आम्ही ‘गाय’ म्हणायचो. गाय ओढ, गाय सोड, गाय बघ, हीच आमची दिवसभराची भाषा. चार खांबांच्या तीन-तीन अशा मोठ्या गाई बारा, आणि कडेच्या लहान खांबांच्या काथ्याच्या गाई वेगळ्या. हा शब्द इंग्रजी आहे एवढं टोळीत सगळे म्हणायचे, पण दोराला गाय का म्हणायचं, हे मी कधी विचारलं नाही. माझा उस्ताद कुंजप्पन केरळातल्या तलश्शेरीचा. त्यानं पहिल्या दिवशी माझा हात दोरावर ठेवला आणि सांगितलं, “ये गाय है. इसको माँ समझना.” माँ समझना म्हटल्यावर मी पुढं काय विचारणार?

मिरजेतच राहणाऱ्या गोदूआत्यानं दिवाळीला मला विचारलं होतं, सर्कशीत तू नेमकं करतोस काय. मी तिला सांगितलं, बारा गाई माझ्या ताब्यात आहेत, त्यातली एक जरी हलली तरी उस्ताद मला जिता सोडणार नाही. आत्यानं ते जसंच्या तसं मिरजभर केलं. तिच्या मनात शंकाही आली नाही. सर्कशीत हत्ती असतात, वाघ असतात, मग गाईंनीच काय घोडं मारलंय? आमच्या पांचाळ सुतारांतला एक मुलगा बारा गाई बाळगून आहे, ही बातमी मास्तरांच्या कानावर गेली. एरवी सर्कसवाल्याला त्यांनी जोत्यावर चढू दिलं नसतं. पण ज्याच्या दावणीला बारा गाई, तो उद्या सर्कस सोडून दुधाचा धंदा करील, असा त्यांनी हिशेब केला आणि मला बोलावलं.

हे सगळं मला त्या खोलीत, जळक्या ऑइलपाशी आल्यावर, हळूहळू उमगलं. मी बशी खाली ठेवली आणि खरं काय ते सांगून टाकलं. त्या शिंगाच्या गाई नव्हेत, दोराच्या आहेत, आणि त्याही सर्कशीच्या मालकाच्या.

दाराआडून मास्तरीणबाईंचा आवाज आला, “नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.” त्या कुणाला उद्देशून बोलल्या नाहीत, पण ज्याला लागायचं त्याला लागलं.

आत्याचा चेहरा पडला. ती माझ्यावर घसरली. “आरं मुडद्या, मग दोर हाय म्हणून सांगायचं न्हाईस व्हय मला? मी चार घरी तोंड वर करून सांगत फिरली की रं.”

“आत्या, त्याला दोर नाही म्हणत,” मी म्हणालो. “इंग्रजीत त्याला गायच म्हणतात.”

हे बोललो नसतो तर बरं झालं असतं. पांचाळ मास्तर तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. त्यांच्या घरात बसून त्यांना इंग्रजी सांगणं म्हणजे कुंभाराच्या घरी जाऊन मडकं कसं घडवायचं ते दाखवण्यासारखं. गाईंबद्दल झालेली फसवणूक त्यांनी कदाचित हसण्यावारी नेली असती. हे मात्र त्यांच्या वर्मी लागलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि वर्गात सांगावं तसं सांगायला सुरुवात केली. गाय हा शब्द इंग्रजीत आहे, पण त्याचा अर्थ माणूस. तोसुद्धा सभ्य शब्द नव्हे, रस्त्यावरचा. सुमारे पावणेचारशे वर्षांपूर्वी विलायतेत काही लोकांनी पार्लमेंट सुरुंगानं उडवायचा कट केला. त्यातला दारूच्या पिंपांपाशी सापडलेला जो इसम, त्याचं नाव गाय. तेव्हापासून तिथली पोरं दरवर्षी चिंध्यांचं बुजगावणं करून त्या नावानं जाळतात. पुढं कुणी गबाळे कपडे घातले की त्याला गाय म्हणू लागले. मग शब्द अमेरिकेत गेला आणि तिथं कुणीही सोम्यागोम्या गाय झाला. एका मुलानं निबंधात हा शब्द वापरला होता, त्याला मास्तरांनी दहा वेळा ‘जंटलमन’ लिहायला लावलं होतं.

“तेव्हा दोराशी त्याचा काडीचा संबंध नाही,” मास्तर म्हणाले. “तुमच्या लोकांनी कुठंतरी काहीतरी ऐकलं आणि तेच धरून ठेवलं. होतं असं. शिक्षण नसलं की होतं.”

आत्यानं मला कोपरानं ढोसलं. ती खूण मला समजत होती. हो म्हण, चूक झाली म्हण, पाया पड, आणि निदान पोरगी पदरात पाडून घे. मी सातवी पास, समोर तीस वर्षं शिकवणारे मास्तर. मान तुकवण्यात कमीपणा काहीच नव्हता. कुमुद सतरंजीचा एक धागा बोटाला गुंडाळत होती. माझं सगळं आयुष्य त्या क्षणी एका होकारावर अडकलेलं होतं, आणि तो होकार मला देता येईना.

“गुरुजी,” मी म्हणालो, “तुम्ही सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं, ते खरंच असणार. पण आमच्या तंबूत रोज दोन हजार माणसं बसतात, ती ह्या शब्दावर बसतात. उस्ताद ‘गाय’ म्हणून ओरडला की अंधारातसुद्धा कुठल्या दोराला हात घालायचा ते आम्हा वीस जणांना कळतं. तो शब्द खोटा आहे असं मी म्हणणार नाही.”

कुमुदनं धागा सोडला आणि मान वर केली.

मास्तर उठले. “पुस्तकच आणतो,” असं म्हणून ते बाजूच्या खोलीत गेले. निकाल आधीच लागलेला असावा, अशी त्यांची चाल होती. आत्यानं तेवढ्यात माझ्या कानाशी तोंड आणून, माझ्या बापालाही अशीच खोड होती आणि म्हणूनच तो जन्मभर रंधा मारत बसला, असं सांगितलं. ती आणखीही बरंच काही म्हणाली. माझं लक्ष बाजूच्या खोलीकडं होतं. तिथून आधी पानं चाळल्याचा आवाज आला, मग काहीच आवाज येईना.

मास्तर आले तेव्हा त्यांच्या हातात विटेएवढी जाड डिक्शनरी होती आणि तिच्या मध्यात एक बोट अडकवलेलं होतं. ते खुर्चीवर बसले. पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मी माणसांचे चेहरे फारसे वाचत नाही, पण ताण आलेला दोर मला कळतो. मास्तरांना शब्द सापडला होता. ते ‘नाही सापडला’ म्हणाले असते तर त्या घरात त्यांना कोण खोटं पाडणार होतं? आम्हा सगळ्यांत त्या पुस्तकापर्यंत पोचणारे तेच एकटे होते, आणि थोडीफार कुमुद.

“आहे,” मास्तर म्हणाले.

मग त्यांनी सगळं वाचून मराठीत सांगितलं. खांब, डोलकाठी किंवा वजन स्थिर राहावं म्हणून बांधलेला दोर, तो गाय. जुन्या फ्रेंच भाषेतल्या, वाट दाखवणारा अशा अर्थाच्या शब्दावरून आला असावा. कुणी म्हणतात, डच खलाशांकडून आला. खात्रीनं सांगता येत नाही, असं पुस्तकच म्हणत होतं. माणूस या अर्थाचा गाय निराळा, तो मागाहून आलेला.

“दोन शब्द आहेत,” ते म्हणाले. “नाव एक, कुळं दोन. मी एकच शिकवत आलो.”

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. स्वतःच्या घरात, बायको आणि मुलीसमोर, सातवी शिकलेल्या सर्कसवाल्यापुढं त्यांनी हे कबूल केलं होतं. मी त्या वेळी खाली मान घालून बसायला हवं होतं. तेवढी अक्कल मला होती. पण नेमक्या त्याच वेळी मला बिली आठवला आणि मी हसलो. साधं हसलो नाही. आधी दाबलं, मग खोकल्यावारी नेलं, मग ठसका लागला आणि मी तोंडाला हात लावून गदागदा हलू लागलो.

मास्तरांनी डिक्शनरी मिटली आणि ते उभे राहिले. “हसा,” ते म्हणाले. “तुमची वेळ आहे.”

आत्या उठली. झालं ते झालं, असं म्हणत ती दाराशी गेली आणि चपला शोधू लागली. मला थांबता येत नव्हतं. मग मी कुमुदकडं पाहिलं. ती रागावलेली नव्हती. एखाद्यावर भरवसा टाकावा आणि तो चुकावा, तशा नजरेनं ती माझ्याकडं बघत होती. त्या नजरेनं माझं हसू जागच्या जागी थांबलं. आज पंचेचाळीस वर्षं झाली, पण ती नजर मी विसरलेलो नाही.

“गुरुजी, देवाशपथ, तुम्हाला नाही हसलो,” मी म्हणालो. “मी मलाच हसलो. माझं ऐका आणि मग हाकलून द्या.”

मास्तर बसले नाहीत, पण गेलेही नाहीत. मी उभ्या उभ्याच सांगायला लागलो.

आदल्या वर्षी आमच्या सर्कशीत झुल्यावर काम करायला एक अमेरिकन आला होता, बिली नावाचा. गोरापान, काटकुळा, आणि स्वभावानं गरीब. तो चाळीस फुटांवरच्या झुल्यावरून सुटायचा आणि हवेत दोन कोलांट्या घेऊन दुसरा झुला धरायचा. खेळ संपला की घाम पुसत आमच्या टोळीसमोर यायचा, आम्हा सगळ्यांकडं बघायचा आणि म्हणायचा, “थँक यू, गाईज.” थँक यू आम्हाला कळायचं. पुढचा शब्द ऐकला की आमची नजर दोरांकडं जायची. आम्हाला वाटायचं, साहेब मोठा सभ्य माणूस, आधी आभार मानतो आणि मग हळूच सांगतो की गाई बघा, सैल वाटल्या. लगेच आम्ही वीस जण धावायचो. बाराच्या बारा गाई तपासायच्या, खुंट्या ठोकायच्या, ताण बघायचा. बिली आमच्याकडं बघत राहायचा. एकदा त्यानं सगळ्यांसाठी केळी आणली आणि ‘गाईज, गाईज’ म्हणून हाका मारल्या, तर केळी तिथंच राहिली आणि आम्ही भर पावसात खुंट्या ठोकत बसलो. बिचारा शेवटी कुंजप्पनला जाऊन म्हणाला म्हणे, की ही माणसं माझ्यावर कशानं रागावलीत, मी बोललो की पळून का जातात? कुंजप्पनलाही ते कळलं नाही. त्यानंही आम्हाला जास्त लक्ष ठेवायला सांगितलं.

“वर्षभर, गुरुजी,” मी म्हणालो. “वर्षभर तो माणूस आम्हाला माणसं म्हणत होता आणि आम्ही दोर ओढत होतो. आत्ता तुम्ही सांगितलंत तेव्हा मला कळलं.”

मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. मग त्यांचा चष्मा हलायला लागला. आधी खांदे हलले, मग पोट, आणि शेवटी ते खुर्चीत बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. दाराआड बांगड्या खळाखळा वाजल्या. आत्या एका पायात चप्पल घालून, हे घर आपल्याला हाकलतंय की ठेवून घेतंय, याचा अंदाज घेत उभी होती. कुमुदनं पदर तोंडाला लावला होता, पण तिचे डोळे दिसत होते.

“म्हणजे अर्धा शब्द तुमच्याकडं होता आणि अर्धा माझ्याकडं,” मास्तर डोळे पुसत म्हणाले. “आणि दोघंही पुरा समजून बसलो होतो.”

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. पण मास्तर होते सरळ माणूस. हसणं ओसरल्यावर त्यांनी मला समोर बसवलं आणि तितक्याच सरळपणे सांगितलं की शब्दाचं भांडण मिटलं, मुलीची गोष्ट वेगळी. वर्षातले दहा महिने तुमचा मुक्काम आज इथं तर उद्या तिथं. घर नाही, शेत नाही. गाई होत्या, त्याही आता नाहीत. माणूस खरा आहे हे दिसलं, पण खरेपणावर चूल पेटत नाही. ह्या मुलीला तीन स्थळं येऊन गेली. एक तलाठी होता, एक बँकेतला होता आणि एकाचा स्वतःचा लाकडाचा अड्डा होता. तिला तिघंही पसंत पडले नाहीत, म्हणून मी थांबलो. पण तुमच्याकडं काय बघून देऊ, ते तुम्हीच मला सांगा.

त्यांचं सगळंच बरोबर होतं. मी मुलीचा बाप असतो तर मीही हेच बोललो असतो. मी म्हणालो, “तुमचं खरं आहे, गुरुजी,” आणि उठलो. आत्यानं दुसरी चप्पलही घातली.

“बाबा, मी एक विचारू?” कुमुद म्हणाली.

तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मास्तरांनी मान हलवली. तिनं माझ्याकडं पाहून विचारलं, “तुम्ही रोज तपासायचात, तेव्हा दोर सैल निघायचे का?”

“नाही,” मी म्हणालो. “वर्षात दोनदा-तीनदा निघाले असतील.”

“मग रोज कशाला जायचात? एखादे दिवशी म्हणायचं, कालच बघितलेत.”

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता.

“वर तो असायचा ना,” मी म्हणालो.

कुमुदनं ते ऐकून घेतलं. मग ती बापाकडं वळली. “बाबा, ते तिघं आले तेव्हा आपल्याकडं काय काय आहे तेवढंच सांगत होते,” ती म्हणाली. “यांच्याकडं काही नाही, ते मला कळलं. पण मी वर असले तर हे खाली दोर बघतील. मला हे पसंत आहेत.”

मास्तरांनी एकदा मुलीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि मग मांडीवरची डिक्शनरी उचलून बाजूच्या स्टुलावर ठेवली.

“अगं,” ते आतल्या दाराकडं बघून म्हणाले, “साखर आण.”

गोदूआत्या चपलांसकट आत आली.